मागच्याची हाक

१

ओत्तोरीनोची रविवारची पद्धत ठरलेली होती, आणि तिच्यात कुणी नाक खुपसलेलं त्याला खपत नसे. उठायचं, दूधकॉफीत शिळा पाव बुडवून खायचा, टायरमध्ये हवा भरायची, ती अंगठ्यानं दाबून बघायची आणि निघायचं. हवा मोजायचं घड्याळ पोरीनं आणून दिलं होतं, ते अजून खोक्यातच पडून होतं. अंगठा झडलाय का माझा, असं त्यानं तिला विचारलं होतं.

कोर्नोलेता गावातून कालानेराच्या खिंडीकडे दोन रस्ते जातात. नवा रस्ता बोगद्यातून जातो, तो मोटारींचा. जुना बीच झाडांच्या जंगलातून वळणं घेत चढतो. बोगदा झाल्यापासून त्याच्याकडे सरकारनं पाठ फिरवली. कडेनं शेवाळ चढलंय, पानं पडून कुजतात, दर हिवाळ्यात नवे खड्डे पडतात आणि कोणी बुजवत नाही. सायकलवाल्याला याहून चांगला रस्ता नाही. वर खिंडीत पोचलं की छातीला गारठा लागू नये म्हणून जर्सीखाली वर्तमानपत्र कोंबायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. वर्तमानपत्राचा माणसाला एवढाच उपयोग, असं ओत्तोरीनोचं म्हणणं.

या डोंगरात दोघं निघाले काय नि दहा निघाले काय, रीत एकच. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याचं चाक धरतो. म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक वितीभर अंतरानं लावून चालवायचं. मागच्याला मग रस्ता दिसत नाही, पाठ तेवढी दिसते. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं कमरेमागे हात नेऊन बोट दाखवायचं आणि ओरडायचं, "खड्डा!" मागच्यानं तीच हाक आपल्या मागच्याला द्यायची, त्यानं त्याच्या मागच्याला. अगदी शेवटच्यानंही द्यायची. त्याच्यामागे कोणी नसलं तरी. ती हाक पुढच्यासाठी असते. शेपूट शाबूत आहे, चल, असा तिचा अर्थ. आणि पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. बघितलं की हँडल वळतं आणि अख्खी रांग रस्त्यावर आडवी होते. हाक आली म्हणजे माणूस आहे, एवढ्यावर चालायचं.

ओत्तोरीनो पुढे आणि त्याची बायको योले मागे, असं लग्नाआधीपासून चाललं होतं. तो हाक घालायचा, ती परत द्यायची. तिचा आवाज घोगरा होता, आणि ती "खड्डा" असं काही म्हणायची की तो खड्डा नवऱ्यानंच रात्री कुदळ घेऊन खणून ठेवलाय. एकदा ती म्हणाली होती, आज मी पुढे जाते. तो म्हणाला, वारा आहे. वारा रोजच असायचा.

वसंतात योले गेली. पोटाचं दुखणं होतं, महिनाभर इस्पितळात होती. मातीला सगळं गाव आलं. बारवाला रिबेल्ले, ओत्तोरीनोचा शाळेपासूनचा दोस्त, कबरीपाशी त्याच्या कानात म्हणाला, "चढावर सीटवरून उठायची ना ती, तेव्हा बघत राहावं बघ. खांदा म्हणून हलायचा नाही बाईचा. मोठमोठ्यांना जमलं नाही."

ओत्तोरीनोनं मान हलवली. घरी आल्यावर, बूट काढता काढता, त्याच्या ध्यानात आलं की हे सगळ्या गावानं बघितलंय. आपण तेवढं बघितलेलं नाही. आपण पुढे होतो.

२

शरद लागला, बीच पिवळे पडले, आणि एका रविवारी तो खिंडीतून खाली उतरत होता. एकटाच. दुसऱ्या वळणाच्या पुढे रस्ता धसलेला आहे, तिथं त्याचा हात आपोआप कमरेमागे गेला आणि तोंडातून निघालं, "खड्डा!"

तसं ते नेहमीच निघायचं. सवय मेल्याशिवाय जात नाही, आणि तो अजून मेला नव्हता.

"खड्डा!" मागून आलं.

घोगरं. वैतागलेलं.

ओत्तोरीनोनं मागे बघितलं नाही. त्यानं ब्रेकही दाबला नाही, कारण उतारावर पुढच्यानं ब्रेक दाबला तर मागचा अंगावर येतो. हे त्याला सुचलं तेव्हाच, कोण येतो अंगावर, असंही सुचलं. तो तसाच खाली गेला. जुन्या चिऱ्यांच्या खाणीपाशी रस्ता सपाट होतो, तिथं पाय टेकला आणि बराच वेळ हँडलकडे बघत उभा राहिला. मग मान वळवली. रस्त्यावर पानं होती. बाकी काही नाही.

खाणीचा कडा आवाज परत फेकतो, हे गावातल्या पोराटोरांना माहीत आहे. त्यानं तिथं ओरडून बघितलं. आवाज परत आला, पण तो त्याचा स्वतःचा होता, म्हाताऱ्याचा, थुंकी उडवणारा. आणि धसलेल्या वळणापाशी कुठला आला कडा? तिथं एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला झाडं.

मग म्हणाला, यंत्र. कानात डॉक्टरनं यंत्र बसवलं होतं. फोर्लीचा डॉक्टर, पोरगेलासा, कानापेक्षा पाकिटाकडे जास्त बघणारा. वारा शिरला की ते यंत्र शीळ घालायचं, कधी खरखरायचं. हेच ते.

पुढच्या रविवारी त्यानं खिंडीत पोचल्यावर यंत्र काढून खिशात टाकलं. जग एकदम कापसात गुंडाळल्यासारखं झालं. चेन ऐकू येईना, वारा ऐकू येईना, स्वतःचं पायडल मारणंही नाही. तो उतरायला लागला, धसलेल्या वळणाशी आला आणि ओरडला. आपलं ओरडणंही त्याला घशात जाणवलं तेवढंच.

"खड्डा!"

हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. कोणी अगदी पाठीशी असावं तसं. खड्डा यानंच खणलाय, अशा सुरात.

३

"जुन्या रस्त्याला आवाज घुमतो का रे?" त्यानं रिबेल्लेला विचारलं.

रिबेल्लेचा आजा राजाविरुद्ध दगड मारणाऱ्यांतला. नातवाचं नाव त्यानं रिबेल्ले, म्हणजे बंडखोर, असं ठेवलं, आणि नातवानं जन्मभर बंड काय केलं तर कॉफीत गिऱ्हाइकाला न विचारता ग्राप्पाची दारू ओतली. आत्ताही त्यानं ओतली.

"घुमतो ना," तो म्हणाला. "तुझ्या डोक्यात. आत मोकळी जागा फार आहे."

"गाढवा, नीट विचारतोय."

"नीटच सांगतोय. एकटा हिंडतोस, स्वयंपाक येत नाही, डबे उघडून खातोस. माणसाला मग बकऱ्यासुद्धा बोलायला लागतात. पोरीकडे जा चेसेनाला."

"चेसेनाला डोंगर आहे का?"

"आहे की. समुद्र आटला की खाली निघेल."

गल्ल्यामागे रिबेल्लेची पोरगी देलिया कप विसळत होती. ती हसली. देलिया लग्न करायची राहिली होती. दिवसभर बार आणि मोकळं मिळालं की सायकल. चढावर ती ओत्तोरीनोला असं मागे टाकायची की त्याला वाटायचं आपण रस्त्याकडेचा मैलाचा दगड आहोत. तिच्या हँडलवर एक यंत्र होतं, ते तिला तिच्याच काळजाचे ठोके दाखवायचं. काळीज आपलं आहे, आतून कळत नाही का, असं तो तिला विचारायचा.

"तुला कधी काही ऐकू आलं का ग त्या रस्त्यावर?" त्यानं आज विचारलं.

"काय?"

"काही नाही."

संध्याकाळी चेसेनाहून पोरीचा, मार्त्सियाचा, फोन आला. "बाब्बो, जेवलास का? थंडी पडली का तिकडे?"

त्याला सांगायचं होतं, तुझी आई आज माझ्या मागे होती. तो म्हणाला, "हवा बरी आहे."

४

त्यानंतरचे रविवार ओत्तोरीनोच्या आयुष्यातले चांगले म्हणावे असे गेले. कसले रविवार, तो आठवड्यातून चार वेळा जायला लागला.

ती दुसरं काही बोलायची नाही. त्यानं करून बघितलं. "योले," तो म्हणाला, "बरी आहेस का?" जंगल गप्प. "योले, भाजीत मीठ किती घालायचं?" जंगल गप्प. "योले, चूक झाली असेल तर बोल." पानं पडत होती, तेवढा आवाज. मग एखादा खड्डा यायचा, तो हाक घालायचा आणि ती लगेच परत द्यायची.

म्हणजे खड्डे हवेत. ज्या माणसानं तीस वर्षं नगरपालिकेला खड्ड्यांवरून शिव्या घातल्या तो आता प्रत्येक खड्ड्यापाशी मनातल्या मनात हात जोडायला लागला. चांगला रस्ता लागला की त्याचा जीव कासावीस व्हायचा. बोराएवढा खळगा दिसला तरी ओरडायचा. एकदा खड्डा नसतानाच ओरडला. ते मात्र तिला कळलं असावं. उत्तर आलं नाही, आणि त्याला पुढे गावापर्यंत लाज वाटत राहिली.

मागे बघावंसं वाटायचं? वाटायचं ना. मान दुखायला लागेपर्यंत वाटायचं. पण बघितलं की हँडल वळतं. जन्मभर जे तिच्यासाठी पाळलं ते आता मोडायचं कसं? आणि बघितलं आणि पानंच दिसली तर?

फक्त चढावर, शेवटच्या कड्याशी, जिथं सगळेच सीटवरून उठतात, तिथं त्याला मागून टायर ओल्या रस्त्यावर दाबला जातो तसा आवाज यायचा. एका लयीत. खांदा न हलवता चालवणाऱ्याचा असतो तसा. तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा आणि नुसता ऐकायचा. पायडल मारायचं थांबायचा नाही.

५

नोव्हेंबरात रिबेल्ले गेला. गल्ल्यापाशी उभा होता, कुणाला तरी टोमणा मारत होता, टोमणा अर्धा राहिला. देलियानं बार बंद केला, दारावर काळी फीत लावली. ओत्तोरीनोनं शवपेटीचा एक कोपरा खांद्यावर घेतला आणि वाटभर मनात म्हणत राहिला, ऐन वेळी जड झालास, लेका.

नंतरच्या रविवारी धुकं होतं. तो खिंडीतून खाली निघाला, धसलेलं वळण आलं.

"खड्डा!"

"खड्डा!" मागून आलं. पण पुरुषाचं. खोकल्यासारखं हसू त्यात मिसळलेलं. रिबेल्ले गिऱ्हाइकाचा हिशेब सांगताना हसायचा तसं.

आणि त्याच्या मागून, जरा लांबून, घोगरं, वैतागलेलं, "खड्डा!"

बायको एक चाक मागे गेली होती. मध्ये दोस्त आला होता.

तो ऐकायचं थांबला नाही, हेच त्याचं चुकलं. इतके दिवस तिची हाक आली की त्याचे कान भरून जायचे, पुढचं काही तो ऐकायचाच नाही. आज तिची हाक पुरी झाली तरी तो ऐकत राहिला, आणि तिच्या मागून आणखी एक हाक आली. कोणा बाईची. तिच्या मागून आणखी एक. मग एक जाडा आवाज, एक किनरा. "खड्डा, खड्डा, खड्डा," वळणावळणानं वरती, धुक्यात, खिंडीकडे, लहान लहान होत. वरची वळणं त्याला पाठीमागे झाडांतून भरल्यासारखी जाणवली. तो कान देऊन बसला की आता शेवटचा ओरडेल आणि संपेल.

संपलं नाही. नुसतं ऐकू येईनासं झालं.

६

मग दोन आठवडे त्यानं सायकल काढली नाही.

सायकल बोळकांडीत भिंतीला टेकून असायची. स्वयंपाकघरातून तिचं मागचं चाक दिसायचं. ओत्तोरीनो चुलीपाशी बसायचा आणि त्या चाकाकडे बघायचा. चाक कधी फिरलं नाही, हे सांगितलं पाहिजे. पण ते फिरत नाहीये हे त्याला दर थोड्या वेळानं बघावं लागायचं.

डोकं चालवायचा प्रयत्न त्यानं केला. माणूस म्हातारा होतो, एकटा पडतो, दोस्त मरतो, मग काहीबाही ऐकू येतं. रिबेल्लेनंच नाही का सांगितलं होतं? पण ज्यानं सांगितलं तोच आता रांगेत होता, तेव्हा त्याची साक्ष कशी धरायची?

एका दुपारी बाहेर पाऊस होता. तो माळ्यावरून लाकडं घेऊन उतरत होता. जिन्याची एक पायरी कितीतरी वर्षं फुटलेली, दुरुस्त करीन करीन म्हणत राहिलेली. दोन्ही हात लाकडांनी भरलेले. पायरी ओलांडताना तोंडातून सवयीनं निघून गेलं.

"खड्डा."

हळूच म्हणाला होता. पुटपुटला होता म्हणा.

"खड्डा," मागे, वरच्या पायरीवर, रिबेल्ले म्हणाला.

माळ्यावर योले म्हणाली, "खड्डा."

छपरावर कोणीतरी म्हणालं. मग घराबाहेर, मागच्या चेस्टनटच्या बागेत कोणीतरी. मग वर डोंगरात.

ओत्तोरीनो जिन्यावर उभा राहिला. लाकडं हातातून एकेक खाली गडगडत गेली. मान वळवायची नाही, मान वळवायची नाही, असं तो म्हणत होता. मानेवर गारवा होता, पावसातून आत आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. मग तो एकेक पायरी खाली आला. त्याच्या प्रत्येक पावलामागे कुणी पाऊल टाकलं नाही. सायकलवर असल्यासारखं सगळ्यांनी अंतर राखून श्वास धरला होता, एवढंच.

७

नाताळाच्या आधी आर्जिया गेली, शाळेची जुनी स्वयंपाकीण. तिनं जन्मात सायकलला पाय लावला नव्हता. तरी पुढच्या रविवारी, त्यानं पुन्हा सायकल काढून हाक घातल्यावर, पहिली हाक तिचीच आली, पोरांना ताटं मांडायला सांगायची त्या सुरात. मग रिबेल्ले. मग योले. आणि योलेचा आवाज इतका लांबून आला की त्याला तो जवळजवळ आठवून घ्यावा लागला.

तेव्हा त्याला कळलं. ती दमून मागे पडत नव्हती. तिनं कधीच चाक सोडलं नव्हतं. गावात माणसं मरत होती, आणि जो नवा मरतो तो येऊन याच्या मागे चिकटतो. बाकीच्यांना मागे सरकावं लागतं. कोर्नोलेतात आता सगळे म्हातारेच उरलेत. हिवाळा अजून पुढेच होता. वसंतापर्यंत योले इतकी मागे जाईल की हाक पोचायची नाही.

आणि आपण मेलो तर तिच्याजवळ जाऊ, असंही नाही. आपण मेलो तर आपण पुढे चालवणाऱ्या जित्या माणसाच्या अगदी मागे, आणि ती कुठं तिकडे धुक्यात.

तो अख्खा आठवडा चुलीपाशी बसून होता. मार्त्सियाचा फोन आला, म्हणाली, "बाब्बो, नाताळाला येते, सामान बांधून ठेव, या खेपेला नाही म्हणायचं नाही." तो म्हणाला, "बरं." इतक्या पटकन म्हणाला की ती घाबरली.

रांगेची आणखी एक रीत आहे. पुढच्याची पाळी झाली की त्यानं कोपर हलवायचं, बाजूला सरायचं आणि सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं. मग शेपूट आलं की शेवटच्याचं चाक धरायचं. कोणी जन्मभर पुढे राहत नाही. ओत्तोरीनोच राहिला होता.

बाजूला सरलो की ती शेजारून जाईल, त्यानं मनाशी धरलं. आणि पुढे गेली की तिची पाठ दिसेल. त्यात मागे बघणं येत नाही. नियम मोडत नाही.

८

चढावर निघाला तेव्हा सकाळ होती, पण जंगलात उजेड असा नव्हताच. ओल्या पानांचा वास. लाल चौकीच्या अलीकडे, पूर्वी रस्तेवाले राहायचे ती, आता छप्पर बसलेली, तिथं मागून खरंखुरं चाक ऐकू आलं. देलिया होती. दंडावर काळी फीत.

"ओत्तोरीनो! एवढ्या धुक्यात?"

"तू नाहीस का आलीस धुक्यात?"

"घरात बसवत नाही," ती म्हणाली. जरा वेळ त्याच्या बरोबरीनं चालवलं. तिनं इकडे तिकडे बघितलं नाही. तिला काही जाणवत नव्हतं. "बाब्बो असता तर म्हणाला असता, दोन वेडे."

"तो म्हणतोच आहे."

तिला ते सांत्वन वाटलं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग पायडलवर उभी राहिली आणि निघून गेली वर, धुक्यात.

तिचं चाक दिसेनासं व्हायच्या आत ओत्तोरीनोनं कोपर हलवलं. चौकीच्या कडेला गेला, थांबला, पाय टेकला. मान खाली घातली.

आधी वारा आला. पानांना न हलवणारा वारा. मग चेन ऐकू आल्या, तेल कमी घातलेल्या, आणि टायर रस्त्यावर दाबले जात होते. आर्जिया गेली, धापा टाकत. ती देवाचं नाव घेत होती की पोरांची, कळलं नाही. रिबेल्ले खोकला. ओत्तोरीनो आपल्या पुढच्या चाकाकडे बघत होता, आणि त्या चाकाच्या पलीकडून सावल्या नसलेले पाय खालीवर होत जात होते.

मग एक श्वास आला. नाकानं घेतलेला, तोंडानं सोडलेला, कितीतरी वर्षं उशीवर ऐकलेला.

तो श्वास पुढे गेल्यावर त्यानं मान वर केली.

पाठ. निळी लोकरी जर्सी, कोपराला रफू केलेली. ती सीटवरून उठली होती. चढ तिथं भिंतीसारखा आहे, आणि ती उभी राहून चालवत होती, कंबरेपासून खाली सगळं चालू आणि कंबरेच्या वर काहीच नाही. खांदा हलत नव्हता. एखाद्या बाईनं डोक्यावर भरलेला हंडा घेऊन पायऱ्या चढाव्यात तसं. गावानं सांगितलं होतं त्याहून ते चांगलं होतं. ओत्तोरीनोच्या तोंडातून आवाज निघाला, तो त्यानं मुठीत दाबला.

वळणाआधी तिचा हात कमरेमागे आला. बोट दाखवलं. खाली एक दगड निखळला होता. "खड्डा," ती म्हणाली, आणि कसं म्हणाली! वैताग नाही, काही नाही. जपून ये, असं म्हणाली. ते तिच्या मागच्यासाठी होतं.

तिच्या मागे कोण होतं ते त्यानं बघितलं नाही. तिच्या चाकाला वितीभर अंतरावर दुसरं चाक होतं, एवढं दिसलं, आणि मध्ये शिरायला जागा नव्हती. त्यानं डोळे मिटले. शेपूट आलं की चिकटायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तो शेपटासाठी थांबला. शेजारून चाकं जात राहिली, जात राहिली, आणि काही चाकं आता रबराची वाटत नव्हती, लाकडाची वाटत होती, लोखंडी धाव बसवलेली, आणि त्यानंतर तर चाकंच नव्हती, नुसती पायांची चाल. थंडीनं त्याची बोटं ब्रेकला चिकटली. शेपूट आलंच नाही.

डोळे उघडले तेव्हा धुकं फाटलं होतं आणि रस्ता रिकामा होता. पानं जिथल्या तिथं होती.

९

पुढच्या रविवारी त्यानं धसलेल्या वळणापाशी हाक घातली. उत्तर आलं नाही. खालच्या खड्ड्याला घातली, त्याच्या खालच्याला घातली. घसा बसेपर्यंत ओरडला. खाणीच्या कड्यानं त्याचाच आवाज त्याला परत दिला, थुंकीसकट. तो सायकलवरून उतरला आणि रस्त्याच्या मधोमध बसला. त्या रस्त्याला मोटारी येत नाहीत, हे बरं.

नाताळाच्या आदल्या दिवशी तो बारमध्ये गेला. मार्त्सिया दुपारपर्यंत येणार होती, सामान दारात बांधून ठेवलेलं. बारमध्ये कोणी नव्हतं. देलिया एकच पेला पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"ओत्तोरीनो," ती म्हणाली, "उतारावर माझ्या मागे तुम्ही होतात का?"

"नाही."

"परवासुद्धा नाही?"

"मी परवा घरी होतो."

तिनं पेला खाली ठेवला. "मी खड्डा म्हणाले. एकटी होते, तरी म्हणाले. आपल्याला सवयच असते ना. आर्जियाबाईंनी हाक दिली. मग बाब्बोनं." तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला. "त्याचाच आवाज, ओत्तोरीनो. हसत होता मेला. पण त्याच्या मागे कोण कोण आहेत. किती आहेत. मी नाही जाणार आता त्या रस्त्यानं. सायकल विकून टाकते."

ओत्तोरीनोनं गल्ल्यावरून हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"जा," तो म्हणाला. "जात राहा. विकायची नाही."

"मला भीती वाटते."

"वाटू दे. मागे बघू नकोस, म्हणजे झालं. आणि तू फार जोरात जातेस. चढावर तर रानडुक्कर मागे लागल्यासारखी. हळू चालव."

"का?"

"तुझ्या बापाच्या मागे एक बाई आहे. घोगऱ्या आवाजाची."

बाहेर मोटार थांबली, दार वाजलं, मार्त्सियाची हाक ऐकू आली. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. मनगट सोडलं नाही.

"ती तुला थांब म्हणणार नाही," ओत्तोरीनो म्हणाला. "मलाही कधी म्हणाली नाही."